पुढच्या चाकाचं ऐका!

असाइनमेंटसाठी आणलेल्या गठ्ठ्यातला एक ए-फोर कागद घ्या आणि जमिनीवर ठेवा. दीड टन वजनाची गाडी रस्त्याला धरून असते ती साधारण एवढ्याच जागेवर. एक टायर नाही, चारही टायर मिळून! खोटं वाटत असेल तर गणित करून बघा. गाडीचं वजन १५०० किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. भागाकार केला की येतात ६६७ चौरस सेंटिमीटर. ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ आहे ६२४. हिशेब ढोबळ आहे, कारण टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलतात. पण अंदाज यायला पुरेसा आहे. एका चाकाच्या वाट्याला येतो तुमच्या पंजाएवढा तुकडा.

आता या कागदावर पावणेतीनशे हॉर्सपॉवरचं इंजिन ठेवा. झाली तुमची मसल कार!

आपल्यापैकी बहुतेकांनी ही गाडी पहिल्यांदा पाहिली ती ‘फास्ट अँड फ्यूरियस’मध्ये नाहीतर गेममध्ये. लांबलचक बॉनेट, मागे जाडजूड टायर, आणि सायलेन्सरचा तो आवाज. गेममध्ये आपण काय करतो? गॅरेजमध्ये जातो, पुढच्या टायरची रुंदी वाढवायची पट्टी उजवीकडे सरकवतो, गाडी एकदम भारी दिसायला लागते आणि वळणावर चिकटूनही चालते. पाच सेकंदांचं काम.

माझ्या आतेभावाला हेच काम करायला आठ महिने लागले. आणि त्या आठ महिन्यांत, मास कॉमच्या मुलीला, जिला बारावीत फिजिक्स सुटलं म्हणून पेढे वाटावेसे वाटले होते, एक गोष्ट कळली. ती आज तुम्हाला सांगायची आहे.

एक अट

दादा मिशिगनमध्ये असतो. त्याच्या शेजारी एक आजोबा राहायचे, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे १९६८ ची शेवरले कॅमेरो होती, नवी कोरी असताना स्वतः घेतलेली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी ती दादाला विकली. किमतीवर फारशी घासाघीस केली नाही, पण एक अट घातली. इंजिन बदल, रंग बदल, काय वाट्टेल ते कर, पण पत्रा कापायचा नाही.

दादाने मान हलवली. त्या वेळी त्याला वाटलं, पत्रा कशाला कापावा लागेल?

गाडी घरी आली आणि पहिल्याच रविवारी दादाचा फोन. “अगं, सरळ रस्त्यावर विमान आहे ही. पण वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जातं!” गाडी मूळच्या मापाच्या, १४ इंची, बारीक चाकांवर होती. दादाने ठरवलं, पुढे रुंद रिम, रुंद टायर. चारही चाकांना एकाच मापाचा सेट मागवला: १७ इंच व्यासाचे, ९ इंच रुंदीचे रिम. वर २४५ मिलिमीटर रुंदीचे टायर. फोटो आला तेव्हा मीसुद्धा आगीचे तीन इमोजी टाकले होते. कबूल करते.

सरळ रेषेची गाडी

ही गाडी वळत का नव्हती, हे समजायला थोडं मागे जाऊ.

१९६४ मध्ये पॉन्टिअॅकने जीटीओ आणली. पहिली मसल कार म्हणून सहसा तिचंच नाव घेतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन, त्यांनी वेगळी गाडी म्हणून नाही तर ‘जादा पर्याय’ म्हणून विकलं. पोरं तुटून पडली. पण त्या गाडीच्या चारही चाकांना ब्रेक होते ड्रमचेच. म्हणजे इंजिन बदललं, बाकी गाडी साधारण घरगुतीच राहिली.

त्या काळच्या बहुतेक मसल कारची हीच गोष्ट आहे. या गाड्यांची परीक्षा व्हायची सरळ रस्त्यावर, पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत. सुटताना गाडीचं वजन मागे जातं, म्हणून मागे जाड टायर हवेत. पुढच्या चाकांनी फक्त दिशा धरायची, म्हणून ती बारीक आणि हलकी असली तर उलट बरंच. मागे जाड, पुढे बारीक, हे रूप तिथून आलं. ती फॅशन नव्हती, त्या कामाची गरज होती.

पण काम बदललं तर? वळणाचा रस्ता आला तर? मोठं लोखंडी इंजिन पुढे, त्यामुळे निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर. वळवायचं कामही त्यांचंच, आणि ब्रेक लावला की सगळ्यात जास्त भारही त्यांच्यावरच. आणि आपण सगळा खर्च करणार मागच्या टायरवर! मग नाक सरळ जाणार नाही तर काय होणार?

कंपन्यांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. १९६७ मध्ये शेवरलेने ट्रान्स-अॅम शर्यतींसाठी कॅमेरोचं झेड/२८ हे रूप काढलं. या शर्यती वळणावळणाच्या ट्रॅकवर व्हायच्या. त्या गाडीला १४ ऐवजी १५ इंची चाकं दिली आणि पुढे डिस्क ब्रेक सक्तीचे केले. त्याच्या दोन वर्षं आधी कॅरल शेल्बी यांनी फोर्ड मस्टँगची जीटी ३५० बनवली, तेव्हा मोठी चाकं तर दिलीच, पण पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्म जिथे गाडीला जोडतात ती जागाच एक इंच खाली घेतली. फक्त एक इंच. त्याने वळणावर टायर रस्त्यावर जास्त सपाट बसू लागला. पुढे खर्च वाचवायला हा बदल सोडून दिला गेला, कारण शोरूममध्ये उभ्या गाडीत तो एक इंच कुणालाच दिसत नाही.

जे दिसत नाही त्याला पैसे द्यायला कुणी तयार नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

तीन इंच गेले कुठे?

तर दादाचे नवे रिम. जुना रिम ६ इंच रुंद होता, नवा ९ इंच. तीन इंच वाढले. मी विचारलं, म्हणजे दीड इंच आत आणि दीड इंच बाहेर, बरोबर ना? दादा हसला. तोही असंच समजला होता.

रिम गाडीला जिथे बोल्टने बसतो, तो सपाट भाग आणि रिमची आतली कड यांच्यातल्या अंतराला बॅकस्पेसिंग म्हणतात. चाक पालथं घालून, कडेवर आडवी पट्टी ठेवून, खाली फूटपट्टी टेकवून ते मोजता येतं. पाचवीतला मुलगा मोजू शकेल इतकं सोपं आहे. यात एकच खोच आहे. रिमची जी रुंदी सांगतात ती टायर जिथे बसतो तिथली असते. बाहेरच्या कडा धरल्या तर रिम साधारण एक इंच जास्त भरतो. म्हणजे ६ चा ७ आणि ९ चा १०.

दादाच्या जुन्या रिमचं बॅकस्पेसिंग ४ इंच होतं. म्हणजे ४ इंच आत, ३ बाहेर. नव्याचं साडेचार. म्हणजे साडेचार आत आणि साडेपाच बाहेर. वाढलेल्या तीन इंचांपैकी अर्धाच इंच आत गेला. अडीच इंच गेले बाहेर, थेट मडगार्डच्या कडेकडे.

मागच्या चाकाला हे एक वेळ खपून जातं, कारण मागचं चाक फक्त वर-खाली होतं. पुढचं चाक वर-खाली होतं आणि फिरतंही. फिरताना टायरची पुढची कड एका बाजूला झाडू मारते, मागची दुसऱ्या बाजूला. सरळ उभ्या गाडीत चार बोटं जागा दिसत असेल, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक खड्ड्यात गेलं की ती चार बोटं कुठे जातात ते कळतही नाही.

पहिल्या दिवशी गाडी गॅरेजमधून रिव्हर्स घेताना ‘खर्रर्र’ आवाज आला. दादाने स्वतःची समजूत घातली की पूर्ण वळवलं तरच घासतंय, मग पूर्ण वळवायचं नाही. आपण सगळे असंच करतो. आवाज आला की कारण शोधायच्या ऐवजी आवाज न येण्याची पद्धत शोधतो.

कागद तेवढाच राहतो

आता सुरुवातीचा तो ए-फोर कागद परत काढा. टायर रुंद केला म्हणजे कागद मोठा झाला का? नाही! वजन तेच, हवेचा दाब तोच, मग क्षेत्रफळही साधारण तेच. बदलतो तो कागदाचा आकार. आधी तो उभा होता, आता आडवा झाला. गाडीच्या दिशेने आखूड, पण रुंदीला जास्त.

मग फायदा काय? आहे, आणि तो खरा आहे. असा आडवा ठसा वळताना कमी मुरडतो, स्टिअरिंगला लवकर उत्तर देतो, आणि रुंद टायरमध्ये जास्त मऊ, जास्त पकडीचं रबर वापरणं परवडतं. म्हणूनच आज अमेरिकेत जुन्या मसल कारना वळायला शिकवणाऱ्यांचा एक मोठा पंथच आहे. त्याला प्रो-टूरिंग म्हणतात. बाहेरून साठच्या दशकातली गाडी, आतून आजचं सस्पेन्शन, ब्रेक आणि चाकं. या मंडळींचं पहिलं काम हेच असतं की पुढे रुंद चाक बसवायचं. म्हणजे दादाची कल्पना चुकीची नव्हती. त्याने ती अर्ध्यावर सोडली होती, एवढंच.

कारण आडवा ठसा एक अट घालतो. तो पूर्ण टेकला पाहिजे. आणि जुनी कॅमेरो तिथेच अडखळते. साठच्या दशकात या गाड्यांवर असायचे बायस-प्लाय टायर. त्यांच्यासाठी पुढचं चाक जवळजवळ ताठ उभं ठेवायचे, आणि स्टिअरिंग हलकं राहावं म्हणून बाकीचे कोनही तसेच बेताचे. आजचा रेडियल टायर वेगळा वागतो. त्याला वळणावर टेकायला चाक वरून थोडं आत झुकलेलं लागतं. कॅमेरोच्या मूळ सस्पेन्शनमध्ये उलटं होतं. गाडी वळणावर एका बाजूला कलली की बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं. बारीक टायरला हे कसंबसं निभतं. रुंद टायर मात्र बाहेरच्या कडेवर उभा राहतो, आणि आतली अर्धी रुंदी हवेतच. म्हणजे पैसे पूर्ण टायरचे दिले आणि वापरला अर्धाच.

याला उपाय आहेत आणि ते जुनेच आहेत. शेल्बींनी मस्टँगमध्ये केलं तसं कॅमेरोतही वरच्या आर्मची जागा खाली घेतात. रेसर डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावाने हा बदल ओळखला जातो. आणि तो करायचा नसेल तर निदान चाकांचं अलाइनमेंट तरी रेडियल टायरच्या हिशेबाने नव्याने करून घ्यायचं.

दादाने यातलं काहीच केलं नव्हतं. त्यात चाकाचा मध्य एक इंच बाहेर सरकला होता. एक इंच म्हणजे काय, असं वाटेल. दाराची कडी बिजागरीजवळ लावून बघा, दार उघडायला किती जोर लागतो ते. इथे गोष्ट उलटी होती. चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्यापासून टायर लांब गेला, त्यामुळे रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याला स्टिअरिंग ओढायला जास्त लांब दांडा मिळाला. गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. “पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना जात्यावर बसल्यासारखं वाटतं,” दादा म्हणायचा. हायवेवर गाडी रस्त्यातल्या चरांच्या मागे मागे जायची. वर, तीस-चाळीस वर्षं जुन्या बेअरिंगांवर वाढलेला भार वेगळाच.

आणि तरीही, फोटोत ती भन्नाट दिसत होती. लाइक्स बघाल तर!

आदल्या रात्रीची गोष्ट

डेट्रॉइटमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यू नावाचा प्रसिद्ध रस्ता आहे. १९९५ पासून तिथे दर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ भरते. जुन्या गाड्या घेऊन लोक येतात, रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबंच्या कुटुंबं त्या बघतात. आपल्याकडे विसर्जन मिरवणूक बघायला बसतात तसं. आत्या आणि आतोबा पहिल्यांदाच अमेरिकेला गेले होते. आतोबांना पुढच्या सीटवर बसवून वुडवर्डला न्यायचं हे दादाचं महिनाभर ठरलेलं होतं.

आदल्या रात्री गाडी धुताना दादाचा हात पुढच्या डाव्या टायरच्या बाजूवरून फिरला आणि थांबला. मडगार्डची आतली दुमडलेली कड टायरच्या भिंतीवर गोल रेघ ओढत होती. रेघ कसली, चांगली खोल चीर होती. आत धागे दिसत होते.

टायरची बाजूची भिंत म्हणजे त्याचा सगळ्यात नाजूक भाग. तिथलं पंक्चर काढत नाहीत, टायर टाकूनच देतात. हायवेवर, वेगात, पुढचा टायर तिथून फुटला असता तर? गाडीत लॅप बेल्ट, आणि शेजारी अडुसष्ट वर्षांचे आतोबा.

त्या रात्री दादाने फोन केला तेव्हा त्याच्या हातात ग्राइंडर होता. कड कापली की प्रश्न मिटला. पाच मिनिटांचं काम. “काय करू गं?” तो मला विचारत होता, आणि मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही हे त्यालाही माहीत होतं. मी एवढंच म्हटलं, “दादा, तू आजोबांना शब्द दिलायस ना?”

बराच वेळ फक्त पलीकडचा पंखा ऐकू आला. मग त्याने ग्राइंडर खाली ठेवला आणि माळ्यावरून जुनी बारीक चाकं काढली. दुसऱ्या दिवशी कॅमेरो त्याच चाकांवर वुडवर्डला गेली. आतोबांचा फोटो आहे माझ्याकडे. खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलेत, एकदम हिरो. चाकं फोटोत आलेलीच नाहीत.

मग रुंद चाकं लागलीच नाहीत?

लागली. पण त्या हिवाळ्यात दादाने काम उलट्या बाजूने सुरू केलं. आधी माप, मग खरेदी.

पुढची स्प्रिंग एका अनुभवी मेकॅनिककडून काढून घेतली. हे घरी करू नये, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. मग गणपतीच्या मखरासाठी आपण पूर्वी थर्माकोल कापायचो तसा कापून टायरच्या आकाराची चकती केली आणि ती चाकाच्या जागी बसवली. स्प्रिंग नसल्यामुळे चाक जॅकने पूर्ण वर नेता येत होतं, पूर्ण खाली आणता येत होतं. प्रत्येक उंचीला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि कुठे किती जागा उरते ते खडूने लिहायचं. मी व्हिडिओ कॉलवर आकडे लिहून घेत होते. माझ्या मीडिया लॉच्या वहीच्या शेवटच्या पानावर अजून ते आकडे आहेत.

उत्तर आलं: रिम ८ इंच रुंद, बॅकस्पेसिंग पावणेपाच इंच. वाढलेल्या दोन इंचांपैकी पाऊण आत, सव्वा बाहेर. चाकाचा मध्य सरकला फक्त पाव इंच. टायर २३५/४५ आर १७. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंच. व्यास काढा: ६४३ मिलिमीटर. जुन्या २०५/७० आर १४ चा व्यास काढा: तोही ६४३! म्हणजे स्पीडोमीटरही खोटं बोलणार नाही. सोबत नवी बेअरिंग, रेडियलच्या हिशेबाने अलाइनमेंट आणि पुढे डिस्क ब्रेक, कारण पकड वाढली तर थांबायची सोयही वाढायला हवी.

आधीच्या सेटपेक्षा टायर जेमतेम एक सेंटिमीटर अरुंद. रिम एक इंच अरुंद. लांबून बघणाऱ्याला फरकही कळणार नाही. पण ही गाडी वळते. पत्र्याला ग्राइंडर लागलेला नाही, जुनी चाकं माळ्यावर आहेत, आणि उद्या कुणाला गाडी होती तशी हवी असेल तर दोन दिवसांत परत होईल.

मूळ गाडीला हातच लावू नये म्हणणारे लोकही असतात आणि त्यांचंही काही चुकत नाही. ‘बुलिट’ या १९६८ च्या सिनेमात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर धावलेली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात आली. तिला नव्याने रंगवलेलं नव्हतं, चकाचक केलेलं नव्हतं. हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर. पण गंमत बघा, त्या सिनेमासाठी, ती उड्या मारून जमिनीवर नीट उतरावी म्हणून, तिचं पुढचं सस्पेन्शन मजबूत केलेलं होतं! म्हणजे प्रश्न बदल करायचा की नाही हा नाहीच. कामासाठी केलाय की फोटोसाठी, आणि परत फिरायची वाट ठेवलीय की नाही, हा प्रश्न आहे.

आता आपल्या पार्किंगमध्ये या

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली कॅमेरो? खरंय. पण कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. मूळ रिमवर दोन मापं मोठा टायर चढवलेली बाइक दिसेल. अरुंद रिमवर जाड टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग टोकदार होतो आणि रस्त्याला टेकणारी जागा वाढायच्या ऐवजी घटते. दिसायला रुंद, टेकायला अरुंद! बाहेर काढलेल्या चाकांची एखादी सेकंडहँड हॅचबॅक दिसेल. पावसाळ्यात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हे तिच्या मालकाला कुणी सांगितलेलं नसतं. आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळे टायर बदलताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मापं बघा, आणि त्याबाहेर जायचं असेल तर आधी आरटीओत विचारा. टायरवाल्याने “बसतंय की!” म्हटलं म्हणून नाही. बसतं आणि चालतं यात फरक आहे. दादाच्या गाडीलाही पहिला सेट ‘बसलाच’ होता.

मला माहितीये, हे वाचताना थोडं आई-बाबांसारखं वाटतंय. पण मी ‘करू नका’ म्हणत नाहीये. उलट करा! हात काळे करा, चाक पालथं घाला, पट्टी टेकवा. गाडीवर प्रेम करायची याहून चांगली पद्धत मला तरी सापडलेली नाही. फक्त क्रम बदला. आपण आधी दिसणारी गोष्ट विकत घेतो आणि मग न दिसणाऱ्या गोष्टींना तिच्याशी जुळवून घ्यायला लावतो. बेअरिंग, कोन, पाव इंच, अर्धा इंच यांच्या रील्स होत नाहीत. पण तुम्ही, आणि तुमच्या मागे बसलेली व्यक्ती, घरी पोचता ते त्यांच्याच जिवावर.

आणि ‘खर्रर्र’ असा आवाज आला तर कृपा करून म्युझिक मोठं करू नका. गाडी थांबवा, खाली उतरा, टायरच्या बाजूवरून एकदा हात फिरवा. पुढचं चाक सगळ्यात आधी तिथे पोचतं जिथे तुम्हाला जायचंय. त्याचं ऐकलेलं बरं.

ते शेजारचे आजोबा आता मुलीकडे राहायला गेलेत. मागच्या महिन्यात ते गाडी बघायला आले होते. दादाने त्यांना वळणावळणाच्या रस्त्याने एक चक्कर मारून आणली. उतरल्यावर त्यांनी काठी टेकली, जमेल तेवढे वाकले, पुढच्या मडगार्डच्या आतून बोट फिरवलं, कडेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कड अखंड होती.

मग त्यांनी नव्या चाकाकडे पाहिलं आणि विचारलं, “ही चाकं माझ्या काळात का नव्हती रे?”